तौहीद मराठीत सांगताना

(हिंजवडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आज विषय थोडा अवघड आहे, म्हणून सुरुवात तुमच्या रोजच्या कामातल्या एका शब्दापासून करू. इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक तरी ‘लोकलायझेशन’ हा शब्द आठवड्यातून दोनदा ऐकत असतील. बाहेर तयार झालेलं सॉफ्टवेअर इथल्या माणसाला वापरता यावं म्हणून जे करावं लागतं ते. हे काम केलेल्यांना ठाऊक आहे की बटणावरचे शब्द बदलणं सोपं असतं. खरी डोकेदुखी तारखा, नावं आणि आडनावं यांची. मूळ रचनेने जे गृहीत धरलेलं असतं ते इथे नसतं, आणि इथे जे गृहीत असतं ते तिला माहीत नसतं.

आता हाच प्रश्न एका धर्माच्या बाबतीत विचारू. इस्लामचा मूळ सिद्धांत अरबीत सांगितला गेला. तो मराठी मुलखात आला, तेव्हा तो मराठीत कसा सांगितला गेला? आणि सांगताना त्याचं काय झालं? चालीरीतींबद्दल, उरुसाबद्दल, ताबुतांबद्दल पुष्कळ बोललं जातं. ते आज आम्ही बाजूला ठेवतो. आज बोलायचंय ते ईश्वरविषयक विचाराबद्दल.

पण त्याआधी एक सोपं उदाहरण घेऊ, म्हणजे पद्धत कळेल. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली जुनी कागदपत्रं ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी त्यात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असलं काहीतरी वाचलं असेल. हा मंत्र नव्हे, हा आकडा आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. ही झाली शुहूर सनाची तारीख. पानिपतची लढाई याच वर्षातली. या सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. शब्द अरबी, मूळ हिजरी सनाचं. पण हिजरी वर्ष चांद्र, ३५४-३५५ दिवसांचं. दरवर्षी ते दहा-अकरा दिवस मागे सरकतं, आणि तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतं. शेतसारा असा फिरता ठेवता येतो का? पीक तर पावसावर येणार. म्हणून दख्खनेत हा सन सौर केला गेला आणि वर्षाची सुरुवात नेली मृग नक्षत्रावर. सूर्य मृगात आला की सन बदलला. याचं मराठी नावच मृगसाल. पुढे हाच सन मराठ्यांच्या दफ्तरात शेवटपर्यंत चालला, आणि तो ‘परका’ आहे असं लिहिणाऱ्या कारकुनाला कधी वाटलं असेल असं आम्हाला वाटत नाही.

इथे जुळवणूक छान बसली, कारण प्रश्न व्यवहाराचा होता. रमजान आणि हज हिजरी चंद्रावरच राहिले, सारा मृगावर गेला. पण ईश्वराच्या बाबतीत अशी वाटणी करता येत नाही.

देव म्हणावं, की ब्रह्म?

तौहीद म्हणजे ईश्वराचं एकत्व. ऐकायला सोपं आहे. देव एकच आहे, हे तर आपल्याकडे कुणीही म्हणेल. पण तौहीदमध्ये ‘एक’ हा नुसता आकडा नाही. तो जन्मलेला नाही, त्याच्यापोटी कुणी जन्मत नाही, त्याच्या जोडीला काही ठेवता येत नाही, त्याच्यासारखं काही नाही. आणि तरी तो बोलतो, ऐकतो, हुकूम करतो, क्षमा करतो.

आता याला मराठी शब्द शोधा. ‘देव’ म्हणावं, तर देवाबरोबर देवी येते, देऊळ येतं, नवस येतो. आपण जिथे बसलोय तिथला देव म्हातोबा. वर्षातून एकदा त्याचं बगाड निघतं. देव या शब्दाचं अनेकवचन इतकं सहज होतं की एकत्व सांगायला तो शब्दच आडवा येतो. मग ‘ब्रह्म’ म्हणावं? ब्रह्म एकमेव आहे, हे खरं. पण मराठीत आपण ‘ते ब्रह्म’ म्हणतो. ते नपुंसकलिंगी आहे. ते हुकूम करत नाही. तुम्ही रात्री उठून त्याच्याकडे क्षमा मागितली तर ते ऐकेल, असं वेदान्त म्हणत नाही.

राहिला ‘निर्गुण’. मूर्ती नाही, आकार नाही, दिसणं नाही. बहुतेक मराठी मुसलमान कवींनी हीच वाट धरली. निर्गुण, निरंजन, अव्यक्त अशा शब्दांतून ते ईश्वराकडे जातात. वाट चांगलीच आहे, पण तिच्यातली एक अडचण फार कमी लोक सांगतात. निर्गुण म्हणजे गुण नसलेला. इस्लामच्या ईश्वराला मात्र गुण आहेत. नव्व्याण्णव नावं ती गुणांचीच. दयाळू, पाहणारा, जाणणारा, न्याय करणारा. हे गुण त्याच्या सत्तेहून वेगळे मानायचे की तीच सत्ता म्हणायची, यावर बगदाद-बसऱ्यात मुअतझिली आणि अशअरी पंडित पिढ्यान् पिढ्या भांडले. म्हणजे तिथला सिद्धांत असा झाला: गुण आहेत, आकार नाही. मराठीत मात्र ‘सगुण’ म्हटलं की गुण आणि आकार एकदमच येतात. सगुण म्हणजे विटेवर उभा असलेला, डोळ्यांना दिसणारा. गुण आहेत पण दिसत नाही, अशा ईश्वरासाठी आपल्याकडे तयार खण नव्हता. सगुण म्हटलं तर मूर्ती येते, निर्गुण म्हटलं तर दया जाते. या चिमटीत सापडून लिहिणं म्हणजे काय, हे समजलं तर शेख महंमद समजतील.

श्रीगोंद्याचे शेख महंमद

सतराव्या शतकातले शेख महंमद श्रीगोंद्याचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. मालोजीराजे भोसल्यांनी त्यांना तिथे मठासाठी जागा दिली असं परंपरा सांगते. त्यांचा मुख्य ग्रंथ ‘योगसंग्राम’, १६४५ सालचा. नावाप्रमाणेच ती एक लढाई आहे; माणसाच्या आतली. त्याशिवाय ‘पवनविजय’, ‘निष्कळंकप्रबोध’ आणि पुष्कळ अभंग. वा. सी. बेंद्रे यांनी हे साहित्य संपादित करून छापलं नसतं, आणि रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहिलं नसतं, तर आज आपल्याला त्यांचं नावच माहीत असतं की नाही, शंका आहे.

त्यांच्या गुरूंचं नाव चांद बोधले. कादरी सूफी परंपरेशी जोडलेले. आणि ढेऱ्यांसारखे अभ्यासक सांगतात की हेच चांद बोधले देवगिरीच्या जनार्दनस्वामींचेही गुरू. जनार्दनस्वामी म्हणजे एकनाथांचे गुरू. नाथांच्या चरित्रात दत्तात्रेय मलंगाच्या, फकिराच्या वेषात भेटतात ही कथा तुम्ही ऐकली असेल. तिचा अर्थ लावताना हा दुवा विसरून चालत नाही. आणि ज्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ नावाचं भारूड लिहिलं, त्यांना तो वाद ऐकीव नव्हता, हेही मग कळतं.

शेख महंमद स्वतःला ‘अविंध’ म्हणवतात. हा शब्द आता कुणी वापरत नाही. अविंध म्हणजे कान न टोचलेला. मराठी माणसाने मुसलमानाला दिलेलं हे नाव, थोडं हिणवणारंच, आणि शेख महंमद ते उचलून स्वतःला लावतात. म्हणजे आपण कोण आहोत हे ते लपवत नाहीत. त्याच वेळी भाषा वापरतात ती ओवी-अभंगाची, सद्गुरूची, नामाची, योगाची. मग यात इस्लाम कुठे आहे, असं विचारणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते तो शब्दांत कमी आणि नकारांत जास्त आहे. क्षुद्र दैवतांपुढे जनावर कापणं, अंगात येणं, नवस फेडणं यांवर ते तुटून पडतात. हे वारकरी संतही करतात, मान्य. पण शेख महंमद तोच आसूड ढोंगी फकीर आणि पोटभरू मुल्लांवरही ओढतात, आणि एकाशिवाय दुसरं काही पूजेला लायक नाही या मुद्द्यावर ते जराही ढिले पडत नाहीत. मराठीत आलेली तौहीद ही अशी दिसते. कलमा मराठी लिपीत लिहिलेला दिसेल म्हणून जो शोधायला जाईल, त्याच्या हाती काही लागणार नाही.

त्यांच्या अवतीभवती आणखी मंडळी आहेत. हुसेन अंबरखानांनी गीतेवर ओवीबद्ध टीका लिहिली, ती ‘अंबरहुसेनी’. शाह मुंतोजी बहमनी, बिदरकडचे, यांच्या नावावर ‘सिद्धसंकेत प्रबंध’ आणि इतर ग्रंथ आहेत. सूफी परिभाषा आणि वेदान्ताची परिभाषा समोरासमोर ठेवून पाहण्याचा उद्योग त्यांच्याकडे दिसतो. शहामुनींचा ‘सिद्धान्तबोध’ नंतरचा. या सगळ्यांवर आज वेळ घालवत नाही.

जात्यावरचा अलिफ

थोडं दक्षिणेला, विजापूरला जाऊ. अंतर फार नाही, आणि भाषेची हद्द तेव्हा आजच्यासारखी आखलेली नव्हती. तिथले चिश्ती सूफी, म्हणजे मीरांजी शम्सुल उश्शाक, बुऱ्हानुद्दीन जानम, अमीनुद्दीन आला, ही तीन पिढ्यांची परंपरा. त्यांनी दखनीत लिहिलं. एक गंमत पहा. ग्रीकांकडून अरबांकडे आलेल्या विचारात तत्त्वं चार: माती, पाणी, अग्नी, वायू. आपल्याकडे पाच. या मंडळींनी सूफी साधनेच्या पायऱ्या सांगताना चाराला पाचवं जोडलं, रिकामी जागा, म्हणजे आपलं आकाश. शिष्याच्या डोक्यात पंचमहाभूतं आधीच बसलेली. ती काढण्यापेक्षा त्यांच्यावरच बांधकाम केलेलं बरं.

पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती ‘चक्कीनामा’ नावाची गाणी. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ च्या पुस्तकात त्यांच्याकडे लक्ष वेधलं. दळताना म्हणायची ही गाणी. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अरबी मुळाक्षरातलं पहिलं अक्षर, उभी रेघ. अल्लाच्या नावाचंही पहिलं अक्षर. आणि ज्याच्याभोवती जातं फिरतं तो मधला आस म्हणजे महंमद पैगंबर. बाई खुंट्याला हात घालते, गरगर फिरवते, श्वासाच्या लयीत नाव घेते. जिक्र झाला. मदरसा नाही, मौलवी नाही, लिहिता-वाचता येण्याची गरज नाही.

आपण मुळशी तालुक्यात बसलो आहोत. याच मुळशी-मावळच्या डोंगरांतून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि पुढे राज्यभरातून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांतल्या बायका राम-सीता, भाऊ, माहेर, पंढरी सगळं जात्याशी बोलतात. तेव्हा विजापूरच्या सूफींनी काही नवीन साधन शोधलं नाही. पहाटेचं दळण होतंच, दळताना गाणं होतंच. त्यांनी फक्त खुंट्याचा अर्थ बदलला. ईटन यांचं म्हणणं असं की दख्खनेत इस्लामी विचार घराघरांत मुरला तो अशा बायकांमुळे, कारण मांडीवरची मुलं तेच ऐकत वाढली. धर्मशास्त्राच्या इतिहासात आजीचं नाव कुणी लिहीत नाही, ही तक्रार नोंदवून पुढे जाऊ.

जिथे अडतं ते

गुरू आणि मुर्शिद सहज जुळले. जप आणि जिक्र जुळले. माया आणि दुनिया बऱ्यापैकी जुळले. अडलं कुठे? दोन ठिकाणी. एक, पुनर्जन्म आणि कयामत. एकीकडे फेरे, दुसरीकडे एकच जन्म आणि मग हिशेब. यात तडजोडीला जागा नाही.

दुसरं, पैगंबर. पैगंबराला मराठीत काय म्हणणार? सर्वांत हाताशी असलेला शब्द ‘अवतार’. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमध्ये सय्यद सुलतानांनी ‘नबीवंश’ लिहिताना या कल्पनेचा उपयोग केलाच. पण अवतार म्हणजे ईश्वर खाली उतरला. नबी म्हणजे माणूस, पाठवलेला. तो ईश्वर आहे म्हणणं हीच इस्लाममधली सर्वांत मोठी चूक. म्हणजे जो शब्द ऐकणाऱ्याला ताबडतोब कळतो, तोच सांगणाऱ्याचा मुद्दा उलटा करतो.

याची किंमत कशी मोजावी लागते याचं एक उदाहरण मुंबईच्या हायकोर्टात आहे. खोजा समाजात ‘दसअवतार’ नावाचं एक गिनान, म्हणजे धर्मगीत, श्रद्धेने म्हटलं जायचं. विष्णूचे नऊ अवतार झाले, दहावा हजरत अली, अशी त्याची मांडणी. शतकानुशतकं कुणाचं काही अडलं नाही. १८६६ मध्ये आगाखानांविरुद्धचा दावा कोर्टात उभा राहिला. समाजातला एक गट म्हणे, आम्ही सुन्नी. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांना ठरवायचं होतं की खोजे नेमके कोण. त्यांनी निकाल दिला की ते शिया इमामी इस्माइली, आणि त्यासाठी ज्या पुराव्यांचा विचार झाला त्यात हा ‘दसअवतार’ही होता. ज्या गाण्यात दोन्ही घरं नांदत होती, त्याच गाण्यावरून तुमचं घर कुठलं ते लिहून घेतलं गेलं. पुढे विसाव्या शतकात ते गाणं समाजाच्या विधींतूनच मागे घेण्यात आलं. कोर्ट आणि जनगणना यांना एकच रकाना हवा असतो. आणि रकाना एकदा भरला की माणसं स्वतःला त्याच्या मापाने कातरायला लागतात.

ख्रिस्ती धर्माची गोष्ट इथे तुलनेला बरी पडते. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोलला १६१६ साली छापलं गेलं. स्वर्गाला वैकुंठ म्हणायलाही त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. पण त्यांच्यामागे चर्च होतं. शब्द कुठे घसरला तर सांभाळायला धर्मगुरूंची उतरंड होती. शेख महंमदांमागे कुणी नव्हतं. त्यांचे शब्द ज्याने ऐकले त्याचे झाले. म्हणून चरित्रपरंपरेत ते कबीराचा अवतार झाले. पैगंबरालाही न लागू पडणारा शब्द शेवटी त्यांना चिकटला.

श्रीगोंद्यात आजही वारकरी त्यांच्या समाधीवर येतात, कीर्तन होतं, आणि वंशज मुसलमान आहेत. त्या जागेला मंदिर म्हणायचं की दर्गा, यावरून अलीकडच्या काळात वाद झाला, आंदोलनंही झाली. एक बाजू म्हणते ते आमचे संत, त्यांना सूफी का म्हणता. दुसरी बाजू म्हणते कबर आहे, तिला मंदिर का म्हणता. आम्हाला विचाराल तर दोन्ही बाजूंनी ‘योगसंग्राम’ वाचलेला दिसत नाही. वाचला तर दोन्हींना थोडा थोडा टोचेल.

आता व्याख्यानाआधी चिठ्ठीवर आलेला एक प्रश्न घेतो. ‘हे सगळं जुनं झालं. आज मराठी मुसलमान मुलाला त्याचा धर्म मराठीत मिळतो का?’

प्रश्न अगदी नेमका आहे. नमाज अरबीतच असते. इमाम अबू हनीफांनी अरबी न येणाऱ्याला फारसीत पठणाची मुभा दिली होती हे प्रसिद्ध आहे, पण त्यांच्या पंथानेही ती पुढे आकसती ठेवली. जुम्याचा खुतबा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अरबीत, आणि त्याआधीचं बयान उर्दूत. कोकणातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत उर्दू ही शिकलेली भाषा आहे, घरची नव्हे. म्हणजे मुलगा आईशी मराठीत भांडतो आणि शुक्रवारी धर्म उर्दूत ऐकतो. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्यांचा भर कायदा आणि सुधारणा यांवर होता. १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखे लोक त्यामागे होते. तिथे भाषेचा प्रश्न सरळ मांडला गेला. या दोन वाटा एकमेकींशी फारशा पटणाऱ्या नाहीत, पण आम्ही आमची भाषा मराठी म्हणूनच बोलू, यावर दोन्हींत वाद नाही.

आणि या मधल्या काळात, फारसा गाजावाजा न होता, एक शब्द रुळला. आजचं मराठी इस्लामी लिखाण उघडा, कुराणाची मराठी भाषांतरं पहा, वर्तमानपत्रातला ईदचा लेख पहा. तिथे ‘अवतार’ दिसत नाही. तिथे ‘प्रेषित’ असतं. प्रेषित म्हणजे पाठवलेला. अरबीत ‘रसूल’ म्हणजेही पाठवलेला. संस्कृत धातूपासून बनलेला शब्द, आणि सिद्धांताला कुठेही धक्का नाही. शेख महंमदांच्या काळी सर्वांत अडलेली जागा अशी सुटली. तौहीदसाठी ‘एकेश्वरत्व’ आहे, जरा जड पण चालणारं. ‘तकवा’साठी कुणी ईशभय म्हणतं, कुणी ईशपरायणता, दोन्ही अजून तोंडात बसत नाहीत, कारण त्या शब्दात भीतीही आहे आणि जपून चालणंही आहे, काट्याकुट्यांतून धोतर सावरून चालावं तसं. ‘सोवळं’ हा शब्द त्याच्या अगदी जवळ जातो, पण तो घेतला तर त्याच्याबरोबर काय काय आत येईल, ते तुम्हाला सांगायला नको.

‘रहमान’ आणि ‘रहीम’ यांतला फरक मराठीत कसा दाखवायचा, तो पुढच्या वेळी.